परत ठेवलेली नेवरी

चवथीच्या दिवशी शेजारणीच्या घरी, तिच्या गणपतीसमोर पाटावर बसून, ताटात वाढलेली नेवरी मी उचलली, नाकाशी नेली आणि परत ताटात ठेवली. आयुष्यात मूर्खपणा मी पुष्कळ केला, काही अजूनही करते. पण एवढा भरगच्च, कडेला मुरड घातलेला मूर्खपणा हा एकच.

नेवरी म्हणजे करंजी, आमच्याकडे चणाडाळ-खोबऱ्याच्या पुरणाची. आमच्या पेडण्यात चवथीला दुसऱ्याच्या घरी गेलेला माणूस भांडण विसरतो, पथ्य विसरतो, डॉक्टरचं तोंडही विसरतो, पण नेवरी नाकारत नाही. साखरेच्या दुखण्याचा माणूससुद्धा टोक मोडून जिभेवर ठेवतो आणि बाकीची रुमालात बांधून नेतो. ती तशीच टाकून उठणं म्हणजे ‘तुमचा देव आम्हाला चालत नाही’ असं त्या घराला तोंडावर सांगणं. मी ते केलं. वर कारणही दिलं, कारण कारणं द्यायची मला भारी हौस.

तेव्हा मी लहान होते. म्हणजे साठी उलटली होती, पण अकलेचे दात अजून हिरडीतच होते.

ही शेजारीण म्हणजे तिठ्यावरची पसरकारीण. आमच्याकडे लहानशा किराणा दुकानाला पसरो म्हणतात. तो चालवणाऱ्याची बायको ती पसरकारीण. नवरा गेल्यावर दुकान तीच चालवू लागली, तरी नाव तेच राहिलं. ती तेरेखोल नदीच्या पलीकडची, सिंधुदुर्गातली. मी डिचोलीकडची, लाटंबार्शाची. एकाच वैशाखात आम्ही दोघी नवऱ्या होऊन या कोरगावच्या अंगाच्या गावात आलो. तिच्या मालवणीला मी हसायची, माझ्या कोंकणीला ती. दोघींच्या सासवा आम्हा दोघींना हसायच्या. परक्या गावात आलेल्या दोन बायकांना जवळ यायला याहून जास्त काय लागतं? माझ्या नवऱ्याला ती भाऊ मानायची, म्हणून ती मला वयनी म्हणायची. मी तिला नुसतं ‘गो’ म्हणायची. एवढं एक अक्षर पुरायचं.

गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे. उन्हाळ्यात नुसता काळा तापलेला दगड. पण पावसात तिथे काय काय उगवतं ते बघायला डोळे पुरत नाहीत. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं, फुलं, पानं बांधतो. त्या चौकटीला माटोळी म्हणतात. आंबाडे, नारळ, सुपारीचं शिपटं परसातलं. पण लालभडक कवंडाळ आणि रानफुलं सड्यावरचीच. उतारावर काजी, म्हणजे काजूची झाडं. आणि उताराच्या पायथ्याला झर. त्या झरीच्या पाण्यावर आमची कुळागरं, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, आणि विहिरी.

एका वर्षी शिगमा संपल्यावर पिवळं यंत्र आलं आणि उतार कापायला लागलं. वर मोठं हॉटेल होणार, त्यासाठी रस्ता. सडा कुणी विकला, कुणी घेतला, झोन कधी बदलला, गावाला काही कळलं नव्हतं. अशी बातमी गावाला सगळ्यांच्या शेवटी कळते, आणि गावातल्या बायकांना त्याच्याही नंतर. पुरुष तिठ्यावर उभे राहून ‘काहीतरी करायला पाहिजे’ म्हणत होते. ते ऐकता ऐकता पसरकारणीने दुकानातली चटई काढली, काखेला मारली आणि माझ्या दारात येऊन म्हणाली, “चल गो वयनी, बसाक जावया.”

“खंय?”

“यंत्रापुढे. आणखी खंय? बसूक काय शिकाक लागता?”

अशा रीतीने आमचं आंदोलन सुरू झालं. पुढे ते माझं झालं, कारण माझा आवाज मोठा. पुढारी व्हायला आवाज लागतो आणि बसायला गुडघे. पहिलं माझ्याकडे होतं, दुसरं तिच्याकडे.

ते पहिले दिवस मी अजून काढून बघते, सणाची साडी काढून बघावी तसे. रस्त्यावर चटया, चटयांवर आम्ही बायका, मांडीवर तांबड्या भाजीच्या जुड्या. आंदोलन झालं तरी दुपारचं जेवण चुकत नाही, म्हणून भाजी निवडत निवडत भजन म्हणायचो. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत यायचा, उंडे विकायचा आणि जाताना ‘आमचा पाठिंबा आहे’ म्हणून एक उंडा जास्त टाकायचा. यंत्राचा ड्रायव्हर काजीच्या सावलीत आडवा.

माझा नवरा जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मुलगा पर्वरीला, बायकोमुलांसह. घरात मी आणि भिंतीवरचं कॅलेंडर. जेवताना समोर तेच. त्याच्यावर एक बाळकृष्ण होता, त्यालाही माझा कंटाळा आला असावा. तर मी झर वाचवायला बसले होते हे खरं. पण एकटीने जेवावं लागत नाही म्हणूनही बसले होते. हे त्या वेळी मला कुणी सांगितलं असतं, तर तो आमदाराचा माणूस आहे असं मी त्याच दिवशी ठरवून टाकलं असतं.

पहिलं वाजलं ते चहावरून. दुपारी पसरकारणीने दुकानातून चहाची किटली आणली. आम्हाला दिला आणि मग एक पेला आणि एक उंडा घेऊन सरळ काजीखाली गेली. ड्रायव्हर उठून बसला, दोन्ही हातांनी पेला घेतला.

ती परत आल्यावर मी म्हटलं, “त्याका कित्याक दिली गो च्या?”

“कित्याक म्हणजे? तेका भूक लागना नाय?”

“तो दुसऱ्या बाजूचा.”

“बाजू यंत्राची असता, वयनी. पोटाक खंयची बाजू?”

बायका हसल्या. मीही हसले, पण मनात एक खूण करून ठेवली. खुणा करायची मला सवयच होती. ती मी माहेराहून आणली होती, हुंड्यासारखी.

माझ्या लहानपणी लाटंबार्शाच्या अंगाला खाणीचं काम वाढत होतं. एक दिवस सभा झाली. व्यासपीठावरच्या माणसाने सांगितलं, पाण्याला काही होणार नाही, विहिरीतला एक थेंबसुद्धा कमी होणार नाही. माझे वडील पहिल्या रांगेत होते. साधा, शेतात राबणारा माणूस. मोठ्या माणसाने एवढं समजावून सांगितलं याचाच त्यांना आनंद. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या बघून बाकीच्यांनी. पुढे ट्रकांची रांग लागली, तुळस लाल झाली, वळईवरचं गवत लाल झालं आणि एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीतून कळशीभर तांबडा चिखल वर आला. वडील विहिरीच्या काठावर बसून आपल्या तळहातांकडे बघत होते. त्या दिवसापासून कुणीही माइक हातात घेतला की माझे हात मी पदराखाली घेते.

त्यामुळे सरपंचावर माझा विश्वास नव्हता, पंचांवर नव्हता, आमदारावर तर नव्हताच. पंचायतीच्या निवडणुकीला एक तरुण उमेदवार आम्ही धरला होता. त्याने देवीसमोर नारळ ठेवून, हात वर करून सांगितलं, की सड्याचा दगडही हलू देणार नाही. आम्ही घरोघर फिरून त्याला निवडून आणलं. निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत तो हॉटेलवाल्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर दिसला. काच वर केलेली. आम्ही चटईवर होतो. गाडी आमच्या कडेने हळू गेली आणि त्याने आमच्याकडे नाही, समोर बघितलं. नारळाचं काय झालं ते देवीलाच माहीत. बहुतेक भटजींनी त्याची चटणी केली.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. फसवणारा तो होता, तो गेला, विषय संपला. पण संशयाला एक गोडी असते. विश्वास ठेवला तर पुढे काहीतरी करावं लागतं, कुणाबरोबर तरी चालावं लागतं. संशय घेतला की जागच्या जागी शहाणं होता येतं. वरच्यांवरचा संशय वर पोचत नाही. ते उंच असतात, गाडीत असतात, काच वर असते. मग तो तुमच्या हातात तसाच गरम राहतो आणि तुम्ही तो शेजारच्याच्या हातात देता.

मी काय काय केलं ते ऐका. ग्रामसभेला जाताना घरून पाण्याची बाटली न्यायला लागले. पंचायतीचा चहा प्यायला की माणूस मऊ पडतो असा माझा सिद्धांत. बायकांनाही तो चहा बंद केला. पसरकारीण म्हणाली, “तेंच्या चायेत काय मत घालतत?” आणि घटाघट प्याली. कुणाच्या हातात नवी बांगडी दिसली की मी विचारायची, “खंयची गो?” एक बाई दोन दिवस बसायला आली नाही तर तिच्या घरापुढे गाडीची चाकं उमटलीत का, ते मी बघून आले. तिच्या नातवाला गोवर आला होता. चाकं डॉक्टरच्या गाडीची होती. मी परत येऊन सांगितलं, डॉक्टर कुणाचा माणूस आहे ते बघायला पाहिजे. आता आठवलं की एकटीच हसते. तेव्हा हसले नाही, तेव्हा मी फार कामात होते.

पावसाळा लागला, यंत्र माघारी गेलं, आम्हीही घरी गेलो. आता दिवाळीनंतर परत बसायचं असं ठरलं. मग चवथ आली आणि चवथीबरोबर पिशव्या आल्या.

दरवर्षी येतात. चणाडाळ, साखर, तेल, एक नारळ, कापराची पुडी आणि पिशवीवर आमदाराचं एवढं मोठं हसणं. मी घरोघर फिरून सांगितलं, पिशवी कुणी घ्यायची नाही. बायका ‘हो हो’ म्हणाल्या. माझ्या पायरीवर ठेवलेली पिशवी मी स्वतः उचलून पंचायतीच्या दारात नेऊन टाकली, सगळ्यांना दिसेल अशी. जाताना मुद्दाम लांबच्या वाटेने गेले.

चवथीच्या दिवशी आरती झाल्यावर मी पसरकारणीकडे गेले. वर माटोळी भरलेली. ती म्हातारपणी स्वतः सड्यावर चढून कवंडाळं घेऊन आली होती. मी पाटावर बसले. आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, खुंटीला, ते हसणं टांगलेलं दिसलं. पिशवी रिकामी होती.

मी नेवरी उचलली आणि विचारलं, “ही डाळ खंयची गो?”

“पिशवेतली,” ती म्हणाली.

“त्याच्या?”

“तेच्याच. दुसरो कोण देता?”

तिने खोटं बोलावं अशी माझी फार इच्छा होती. खोटं बोलली असती तर मी तिला पकडलं असतं, ती रडली असती, मी माफ केलं असतं आणि आम्ही दोघींनी नेवऱ्या खाल्ल्या असत्या. पण ती नुसती उभी राहिली, हात पदराला पुसत.

माझी एक वाईट खोड आहे. भाषण करायची वेळ आली की मी कोंकणी सोडून शुद्ध मराठीत शिरते. मी म्हटलं, “विकल्या गेलेल्या हातांची नेवरी माझ्या घशाखाली उतरणार नाही.” आणि नेवरी ताटात ठेवली. खोलीत तिची सून होती, आणखी दोन-चार बायका होत्या. खोबऱ्यावर काही कुणाचा फोटो नसतो, डाळीवरही नसतो. पण मला दिसत होता.

तिने समईची वात सारखी केली. ताट उचललं. आत नेता नेता थांबून म्हणाली, “वयनी, पाणी तरी पी.”

मी पाणीही प्याले नाही. ताठ मानेने घरी आले. घरी आल्यावर मान दुखत होती.

दिवाळी झाली. ठरल्या दिवशी मी चटई घेऊन रस्त्यावर जाऊन बसले. कुणी आलं नाही. मला वाटलं भात झोडायचे दिवस आहेत, उद्या येतील. दुसऱ्या दिवशीही नाही. ज्या बायकांनी पिशव्या घेतल्या होत्या त्या लाजेने आल्या नाहीत. ज्यांनी घेतल्या नव्हत्या त्यांना वाटलं, आता पुढची पाळी आपली, ही आपल्या घरातलं काय हुंगेल कोण जाणे. यंत्रही आलं नाही. मी रिकाम्या रस्त्यावर, न आलेल्या यंत्राला अडवत, एकटी बसले होते. भजन एकटीने म्हणायला बसलं की दुसऱ्या कडव्याला आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. मी भाजी निवडली. एकटीची भाजी ती किती, लगेच संपली.

भाड्याच्या स्कूटरवरून एक पर्यटक जोडपं आलं. मुलीने गाडी थांबवून हिंदीत विचारलं, “दादी, बस छूट गई क्या?” मी हो म्हटलं. तिने मला बिस्किटाचा पुडा दिला. मी घेतला. तो पुडा कुणाचा, कुठला, काही विचारलं नाही. भूक लागली होती.

तिथून पसरकारणीचं दुकान दिसतं. दुपारी चहाची किटली वर चढली, वाफ दिसली. ड्रायव्हरला पेला गेला होता तशी एखादी फेरी माझ्याकडे येईल म्हणून मी बघत राहिले. आली नाही. ती बाहेर येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली. आणखी काही दिवस मी गेले, मग चटई गुंडाळली.

हॉटेलवाल्यांनी काम थांबवलं ते त्यांच्यातल्याच भांडणामुळे, असं पुढे ऐकलं. पंचायतीने म्हटलं, आम्ही थांबवलं. आमदाराने म्हटलं, मी थांबवलं. मी काही म्हटलं नाही, पण मला म्हणायला कुणी विचारलंही नाही.

त्यानंतरची वर्षं मी कशी काढली ते सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही नाही. काड्यापेटी लागली तरी मी लांबच्या दुकानात जायची, टेकडीला वळसा घालून. लोकांना सांगायची, डॉक्टरने चालायला सांगितलंय. पसरकारणीच्या दुकानावरून जावंच लागलं तर समोरच्या आंब्याला किती मोहोर आलाय ते बघत जायची, पावसाळ्यातसुद्धा. चवथीला माझ्या घरी मुलगा, सून, नात यायची, दीड दिवसाचा गणपती पोचवून जायची. गाडी वळणाआड गेली की मी उरलेल्या नेवऱ्या डब्यात मोजायची नाही. डब्याचं झाकण लावायची फक्त.

एकदा फोनवर नात म्हणाली, “आजी, सरकारी जागा निघाल्यात. पण सगळे म्हणतात, ओळख लागते.”

मला भाषण सुचलं. मी शुद्ध मराठीत शिरले. “हे बघ, आपल्या घराण्यात आजवर कुणी कुणाच्या दारात...” आणि वाक्य तिथेच अडकलं.

“हॅलो? आजी? रेंज गेली काय?”

“होय गो, रेंज गेली,” म्हणून मी फोन ठेवला.

रेंज गेली नव्हती. आंब्यांचा वास आला होता.

माझा मुलगा वीज खात्यात लागला तो त्याच्या हुशारीवर, असं मी इतकी वर्षं सांगत आले होते, की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. हुशार तो होताच. पण तेव्हाच्या आमदाराच्या व्हरांड्यात मी गेले होते, त्या व्हरांड्यात बसलेल्या बाकीच्या आयांची मुलंही हुशारच होती. एकटी जायची लाज वाटत होती, म्हणून पसरकारणीला बरोबर घेतली. आमच्या परसातल्या मानकुराद आंब्यांची पाटी तिने डोक्यावर घेतली, कारण माझी कंबर धरली होती. आत बोलावल्यावर पाटी खाली ठेवून तीच म्हणाली, “भाई, ह्येंचो झील हुशार असा. गरीब असा. जरा बघा.” मी नुसती पदर चावत उभी. दुसऱ्याच्या मुलासाठी ती वाकली होती. तिचा स्वतःचा मुलगा तेव्हा ट्रकवर क्लीनर होता, त्याच्यासाठी तिने तिथे एक शब्द काढला नाही. मीही नाही.

बसने परत येताना तिने मला बजावलं होतं, “ह्या कोणाक सांगू नको हां. लोक म्हणतले, आंब्यांनी नोकरी लागली.”

मी कुणाला सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही. गणपतीसमोर, चार बायकांत, मी तिचे हात विकले गेलेत म्हणाले तेव्हा एक शब्द पुरला असता. आंबे, एवढाच. तो तिने गिळला आणि मला पाणी विचारलं.

हे कळल्यावर लगेच उठून तिच्याकडे जावं की नाही? शहाणी बाई गेली असती. मी लांबच्या दुकानातून मीठ घेऊन आले.

आता या वर्षी सड्यावर परत खुंट्या ठोकल्या आहेत. डोक्याला लाल फडकी बांधलेल्या. कुणी म्हणतं हॉटेल, कुणी म्हणतं बंगले. श्रावणातल्या एका रविवारी ग्रामसभा होती. मी पाण्याची बाटली न घेता गेले. विषय आला तेव्हा उभी राहिले, खुर्चीची पाठ धरून, आणि जेवढं बोलायचं तेवढं बोलले. सड्याचं, झरीचं. मराठी आपोआप शुद्ध झाली, काय करणार.

सरपंच तरुण आहे, बोलायला चांगला. मी त्याच्यावर संशय घ्यायचं सोडलं आहे असं नाही. वय झालं, आता थोडा थोडा घेते. त्याने शांतपणे विचारलं, “आजी, तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?”

मी मागे वळून बघितलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. काहींवर माणसं होती, पण ती मोबाईलमध्ये होती. पंखा फिरत होता. एवढी वर्षं मी ज्या बायकांच्या बांगड्या बघितल्या, त्यांच्यातली एकही नव्हती. पसरकारीणही नव्हती. ती का असावी?

“आहेत,” मी म्हटलं. “घरी आहेत.”

“मग त्यांना घेऊन या ना,” तो म्हणाला. वाईट हेतूने नाही म्हणाला. खरंच म्हणाला.

त्यानंतर चवथ आली. मुलगा, सून, नात जेवून लवंडली होती. मी नवी साडी नेसले. दारात येऊन परत आत गेले, साडी बदलून जुनी नेसले. नातीने एक डोळा उघडून विचारलं, “आजी, खंय गो?” मी म्हटलं, जवळच. आमच्या दारापासून तिचं दार दिसतं. तिथे पोचायला मला एवढी वर्षं लागली.

ती पायरीवर बसून वाती वळत होती. केस पूर्ण पांढरे. मला बघून तिचे हात थांबले नाहीत.

“गो,” मी म्हटलं.

“बस,” ती म्हणाली. “पाट थंय असा.”

मी गणपतीला हात जोडून पाटावर बसले. वर माटोळीत परसातलं सगळं होतं, कवंडाळ नव्हतं. तिचे गुडघे आता सड्यावर चढत नाहीत. सून आत होती, ती दाराशी येऊन बघून गेली. पसरकारणीने भिंतीला धरून उठून, स्वतः ताट आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. पातोळी, थोडं पंचखाद्य, आणि मध्ये नेवरी. एकच. ती समोर बसली आणि माझ्या हाताकडे बघायला लागली.

मी नेवरी उचलली. भाषण सुचत होतं, ते मी दाबलं. कोंकणीतच विचारलं, “आंब्यांचें त्या दिसा कित्याक उलयली ना गो तू?”

बाहेर कुणाच्या तरी घरी आरती चालली होती, ती संपली. मग तिने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली:

“त्या दिसा बोललंय असतंय तर तू आयुष्यात परत खंय मान वर केली नसतंस. आणि मग यंत्रापुढे बोंब कोण मारतलो, मी? माका आवाज नाय. उद्या सड्यार बसाक मी येतलंय, वयनी, सगळ्यांका घेवन येतलंय. पण ता झरीसाठी, तुझ्यासाठी नाय. तुझ्यापासून जरा लांबच बसतलंय. खा आता. डाळ औंदाय तेचीच असा.”